थांबला नाही, म्हणून दंड?

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल करत चोपड्यात येतो आणि तसाच पुढे शिरपूर, शहाद्याकडे निघून जातो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या पट्ट्यात केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, काळीपिवळी आणि शेतातून घरी परतणाऱ्या मोटारसायकली. अशा रस्त्यावर रात्री एखादा पिकअप मोटारसायकलला उडवतो, तेव्हा पुढच्या दहा मिनिटांत तीन तऱ्हेची माणसं तिथे असू शकतात. पहिला पिकअपचा ड्रायव्हर; तो गाडी पळवतो. दुसरा मागून येणारा. तो वेग कमी करतो, काच खाली करून बघतो, ‘उगाच लफडं नको’ म्हणत गिअर टाकतो. तिसरा १०८ला फोन लावतो, अॅम्ब्युलन्सबरोबर सरकारी दवाखान्यात जातो, लागलं तर रक्त देतो आणि नातेवाईक येईपर्यंत बाकड्यावर बसून राहतो. पहिल्याने गुन्हा केला आणि तिसऱ्याने मोठं काम केलं, यावर सहसा दुमत होत नाही. घोळ दुसऱ्याचा आहे. त्याने वाईट केलं का? केलं असेल तर त्याला शिक्षा व्हावी का? आणि होऊ नये असं वाटत असेल, तर ‘वाईट केलं’ म्हणून आपण नेमकं काय म्हणतो?

नीतिशास्त्रातल्या ज्या पंथाला मराठीत उपयुक्ततावाद म्हणतात, त्याची या प्रश्नावर मोठी पंचाईत होते. जेरेमी बेंथमपासून चालत आलेलं त्याचं मूळ म्हणणं सोपं आहे: ज्या कृतीतून सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त सुख निपजेल, ती योग्य. हे अक्षरशः घेतलं तर तिसऱ्या माणसाचं कौतुक करायचं कारण उरत नाही. सर्वांत जास्त भलं होईल ते त्याने केलं, म्हणजे फक्त आपलं कर्तव्य बजावलं, हप्ता वेळेवर भरणाऱ्या कर्जदारासारखं. दुसरा मात्र गुन्हेगार ठरतो. इतकंच काय, तिसराही दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातून घरी जाऊन झोपला तर कर्तव्याला चुकलाच, कारण त्या वेळात आणखी कुणाचं तरी भलं करता आलं असतं. कर्तव्याच्या पलीकडे जाणं नावाची गोष्टच या हिशेबात बसत नाही. सामान्य माणसाला असला सिद्धान्त ऐकवला तर तो हात जोडेल, आणि त्यात त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

या कोंडीतून बाहेर पडायची वाट जॉन स्टुअर्ट मिलने दाखवली होती. त्याचं ‘उपयुक्ततावाद’ हे छोटं पुस्तक आधी १८६१ मध्ये एका मासिकातून आणि मग १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आलं. मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानातल्या संस्थानांबाबतचे खलिते लिहिणं हे त्याचं रोजचं काम. पुस्तकाच्या शेवटच्या, न्यायावरच्या प्रकरणात तो म्हणतो, की एखादी गोष्ट नुसती गैरसोयीची आहे, अशहाणपणाची आहे, की नैतिकदृष्ट्या चूक आहे, हे ओळखायची खूण एकच: ती करणाऱ्याला काही ना काही शिक्षा व्हायला हवी असं आपल्याला वाटतं का? शिक्षा कायद्याची असेल, ती शक्य नसेल तर चारचौघांच्या बोलण्याची असेल, तीही नसेल तर स्वतःच्या मनाच्या टोचणीची असेल. जे माणसाकडून कर्जासारखं वसूल करता येतं ते कर्तव्य. जे केलं तर आपल्याला आवडेल, आपण त्याला मानू, पण केलं नाही म्हणून वसुलीला जाणार नाही, ते कर्तव्याच्या पलीकडचं.

इथे बेंथमचं दुसरं म्हणणं जोडलं की गाडी रुळावर येते. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने बजावलं होतं, की शिक्षा ही स्वतःच एक वाईट गोष्ट आहे, कारण ती दुःख निर्माण करते. तिच्यामुळे त्याहून मोठं दुःख टळत असेल तरच ती द्यावी. जिथे मुळात अपायच झालेला नाही, जिथे शिक्षेचा उपयोग होत नाही, जिथे ती फार महाग पडते आणि जिथे तिच्याशिवाय काम भागतं, अशा चार ठिकाणी ती देऊ नये. म्हणजे कर्तव्याची रेघ कुठे ओढायची, हे कृती किती चांगली आहे यावर ठरत नाही. ती न करणाऱ्याला जाब विचारण्याचा खर्च किती आणि फायदा किती, यावर ठरतं. मला हे म्हणणं पटतं. आणि ते पटवून घ्यायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही, खानदेशात पुरावा भरपूर आहे.  

आधी रस्त्यावरचा दुसरा माणूस. फ्रान्स आणि जर्मनीत तो कायद्याने दोषी आहे. स्वतःला धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत न करणं हा तिथे गुन्हा असून फ्रान्समध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं १३४वं कलम जखमीच्या उपचाराची जबाबदारी अपघातातल्या गाडीच्या ड्रायव्हरवर टाकतं. वाटसरूवर अशी काही जबाबदारी नाही. मग तोही गुन्हा करून टाकावा का? हिशेब करून बघा. आपल्याकडचा माणूस पुढे निघून जातो तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. आधी पोलीस नाव-गाव विचारणार, मग जबाब, मग पंच म्हणून सही, मग दोन वर्षांनी जळगावच्या कोर्टाचं समन्स, आणि तोवर रोजगार बुडणार. शिवाय ‘तूच ठोकलंस की काय’ हा संशय आहेच. अशा माणसावर न थांबण्याचा गुन्हा लावला तर तो एवढंच शिकेल, की यापुढे काचही खाली करायची नाही. आपण पाहिलंच नाही, असं त्याला म्हणता आलं पाहिजे ना! बेंथमच्या यादीतलं दुसरं आणि तिसरं कलम इथे एकदमच लागू पडतं.

कायद्याने उलटी वाट धरली, आणि ती जास्त शहाणपणाची ठरली. केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सूचना काढल्या, सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी त्यांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. प्रामाणिकपणे मदत करताना काही चूक झाली तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही. त्याने नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. थोडक्यात, तिसरा माणूस होणं स्वस्त केलं. या कलमाची माहिती नसलेला ड्रायव्हर किंवा दुकानदार आजही भेटेल, पण निघून जाणाऱ्याला तुरुंगात धाडण्यापेक्षा ही माहिती धाब्यावर आणि पेट्रोल पंपावर लावणं कितीतरी कमी खर्चाचं आहे.

पहिल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याने धोका निर्माण केला, म्हणून थांबणं हे त्याचं कर्तव्य आणि ते वसूल करण्याजोगं. नव्या भारतीय न्याय संहितेने त्यापुढे जाऊन कलम १०६(२)मध्ये, बेदरकारपणे माणूस मारून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर चक्का जाम केला. त्यांचं म्हणणं होतं, की थांबलो तर लोक जिवंत सोडत नाहीत. सरकारने माघार घेतली आणि १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तेवढं बाजूला राहिलं. चालकांचं म्हणणं ही सबब होती असं कुणाला वाटेल. पण खुद्द १३४व्या कलमात, जमावाच्या क्षोभामुळे शक्य नसेल तर, असा अपवाद लिहिलेला आहे. कायद्यालाही ठाऊक आहे, की रस्त्यावर दुसरं एक न्यायालय भरतं आणि ते जागच्या जागी निकाल देतं. त्या न्यायालयाच्या धाकाने ड्रायव्हर पळतो आणि जखमी रक्त जाऊन मरतो. शिक्षेचा खर्च भलत्याच्याच खात्यावर पडतो.

मिलवरचा सर्वांत जड आक्षेप इथूनच येतो. त्याने लोकमताला शिक्षेचं साधन मानलं. लोकमत काय करू शकतं हे धुळे जिल्ह्याने १ जुलै २०१८ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. आठवडी बाजारात आलेल्या, भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. आक्षेप घेणारे म्हणतात, शिक्षा उपयोगासाठी असते असं एकदा मानलं, की निरपराध्याला मारून गाव शांत होत असेल तर तेही क्षम्य ठरेल. म्हणून शिक्षेचा पाया फक्त अपराध हाच हवा, उपयोग नको.

मला हा आक्षेप तर्काने बिनतोड आणि अनुभवाने पोकळ वाटतो. अपराध न पाहता, उपयोगाच्या नावाखाली शिक्षा देऊन पाहिल्याचं मोठं उदाहरण आपल्याकडे आहे: १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मानेच माणसाला संशयित ठरवायचं, हजेरी लावायची, फिरण्यावर बंदी घालायची. बंदोबस्त स्वस्तात होतो हीच त्यामागची भूमिका. १९५२ला तो रद्द होईपर्यंत त्याने काय कमावलं? ज्याला काम मिळत नाही त्याला चोरी करावी लागली, आणि पालावरचा माणूस म्हणजे चोर हा समज गावोगाव मुरला. कायदा गेला, समज राहिला. राईनपाड्यात अफवेवर एवढ्या चटकन विश्वास बसला त्यात अशा संशयाचाही वाटा असणार. हा सगळा खर्च मांडला की निरपराध्याला दिलेली शिक्षा कोणत्याही लांबच्या हिशेबात परवडत नाही. ती स्वस्त दिसते, कारण हिशेब करणारा संध्याकाळपर्यंतचाच विचार करत असतो. चौकशी, पुरावा, बाजू मांडायची संधी या गोष्टी उपयुक्ततावादाच्या आड येत नाहीत, त्याच्याच पोटातून येतात. एक मात्र कबूल करायला हवं: ‘परवडत नाही’ हे उत्तर त्या पाच जणांच्या घरच्यांना तोकडंच वाटेल. तिथे अन्याय हाच शब्द लागतो, आणि तो वापरायला मिलचीही ना नव्हती.

शिक्षेचा उपयोग संपतो कुठे, हे इंग्रजांनाही याच मुलखात कळलं. १८१८ साली खानदेश त्यांच्या ताब्यात आला तेव्हा सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानेनात. कॅप्टन ब्रिग्ज याच्या अमदानीत पलटणी डोंगरात घुसवल्या, नायक पकडले, काहींना मारलं. पावसाळा उलटला की पुन्हा धाडी सुरू. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, बेंथमचा वाचक. त्याच्याच कारकिर्दीत १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचा संहितेच्या रूपातला फौजदारी कायदा झाला. १८२५ साली त्याने धोरण बदललं. धरणगावला, म्हणजे चोपड्याहून तापी ओलांडली की जवळच, जेम्स आऊट्रम या बाविशीतल्या लेफ्टनंटने भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्याशी लढला त्यांनाच त्याने भरती केलं, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. दुसरीकडे वसाहतीसाठी जमिनी आणि तगाई दिली गेली. धाडी कमी झाल्या. याला परोपकार म्हणायचं कारण नाही. राज्य इंग्रजांना करायचं होतं, भिल्लांचं जंगल भिल्लांना परत मिळालं नाही, आणि १८५८च्या एप्रिलमध्ये सातपुड्यातल्या आंबापाणीला भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्या माणसांची गाठ इंग्रजी फौजेशीच पडली. ‘सर्वांचं सुख’ मोजणारा कोण आहे, हे विचारल्याशिवाय कुठलीही बेरीज मान्य करू नये. पण एवढं यातून निश्चित दिसतं, की जे काम दंडाने सात वर्षांत झालं नाही ते दंड मागे घेतल्यावर बरंचसं झालं.

उलट, नेमका आणि परवडणारा दंड काय करतो तेही पाहायला मिळतं. राईनपाडा ज्या साक्री तालुक्यात, त्याच तालुक्यात बारीपाडा. १९९०नंतरच्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं रान राखायचं ठरवलं. परवानगीशिवाय झाड तोडलं तर दंड, जंगलाला राखण, सरपणाला ठरलेले दिवस. नियम गावाने बसून केले आणि पाळले. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं, आणि २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. त्याआधी डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईने काही वाईट केलं होतं का? कुणीच थांबत नसताना तिने एकटीने थांबून उपयोग शून्य होता, घरात चूल मात्र पेटली नसती. त्या वेळी झाड न तोडणं हा तिचा मोठेपणा ठरला असता. सगळ्यांना बांधणारा नियम झाला, चोरून तोडणाऱ्याला जाब विचारणं गावाला सोपं झालं, तेव्हा तेच तिचं कर्तव्य झालं. झाड तेच, कुऱ्हाड तीच, रेघ हलली.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. तत्त्वज्ञ पीटर सिंगर याचा १९७२ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. निमित्त होतं पूर्व बंगालमधून आलेल्या लाखो निर्वासितांच्या उपासमारीचं. उथळ डबक्यात बुडणारं मूल दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून आपण कचरत नाही. मग दूरवर मरणाऱ्या मुलासाठी पैसे न देणं याला ‘दिलं तर चांगलं’ एवढं सौम्य नाव का, असं तो विचारतो. त्याच्या मते रेघ आपण सोयीने फार खाली ओढलेली आहे. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. रेघ खाली आहे हे खरं, आणि ती वर न्यायला हवी. पण ती वर नेणं म्हणजे प्रत्येकाच्या मनात कायमचा अपराधीपणा भरणं नव्हे. त्याने माणूस उदार होत नाही, बधिर होतो. मिलच्या यादीतली मनाची टोचणी हीसुद्धा शिक्षाच आहे आणि तिलाही बेंथमची चार कलमं लागू आहेत. कर, रोजगार हमी, सरकारी दवाखाना, १०८ची गाडी ही सिंगरला दिलेली उत्तरंच आहेत: जे एकेकट्याच्या दानतीवर सोडलं होतं, ते सगळ्यांकडून थोडं थोडं वसूल करायची ती व्यवस्था आहे.

राहतो तिसरा माणूस. जे. ओ. अर्म्सन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ साली संत आणि वीर यांच्यावर लिहिताना एक अडचण दाखवली होती: अशा माणसांना विचारलं तर ते म्हणतात, मी काही जास्तीचं केलं नाही, ते माझं कामच होतं. साने गुरुजींचंच बघा. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडणं, कंदिलाच्या काचा पुसणं, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढणं, यातलं काहीही त्यांच्या नेमणुकीत लिहिलेलं नव्हतं, आणि ते केलं नसतं म्हणून कुणी जाब विचारला नसता. त्यांना मात्र ते केल्यावाचून राहवत नव्हतं. मग त्यांच्या दृष्टीने ते कर्तव्यच होतं, आणि आपण त्याला कर्तव्यापलीकडचं म्हणतो ती आपली पळवाट, असं म्हणायचं का? मला वाटतं, यात विसंगती नाही. माणूस स्वतःकडून जे मागू शकतो ते दुसऱ्याला त्याच्याकडून मागता येत नाही. वसुलीचा हक्क कुणाला आहे, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सारखा नसतो.

आणि अशी माणसं रेघेपलीकडे जातात तेव्हा कधीकधी रेघच त्यांच्या मागे चालत जाते. १ मे १९४७ला साने गुरुजींनी पंढरपुरात विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण सुरू केलं; दहा दिवसांनी ते सुटलं आणि मंदिर खुलं झालं. तोवर एखाद्या बडव्याने दार उघडलं असतं तर लोक त्याला उदार म्हणाले असते. पुढे राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली आणि १९५५च्या कायद्याने देवळाचं दार अडवणं हा शिक्षापात्र गुन्हा केला. आठ वर्षांत उदारपणाचं कर्तव्य झालं. एकट्या उपोषणाने हे घडलं असं नाही. आंबेडकरांचा लढा आणि दोन दशकांची चळवळ त्यामागे होती. कायद्याने सगळी दारं मनापासून उघडली असंही नाही. पण आधी कुणी तरी शिक्षेच्या धाकाशिवाय पुढे गेलं, लोकमत वळलं, मगच कायद्याचा दंड वापरण्याजोगा झाला. लोकमत तयार नसताना तोच कायदा १९२० साली आणला असता, तर तो कपाटात राहिला असता.

सरकार आता तिसऱ्या माणसाला बक्षीस देतं. अपघातानंतरच्या ‘सोनेरी’ तासात जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला २०२१च्या योजनेत पाच हजार होते. २०२५ मध्ये ‘राह-वीर’ नावाने ते पंचवीस हजार झाले. पैशाने पुण्य बाटतं अशी कुरकुर ऐकू येते. रस्त्यावर पडलेल्याला या कुरकुरीने काही फरक पडत नाही, आणि थांबणाऱ्याचा बुडालेला रोज भरून निघत असेल तर त्यात वावगं काही नाही. लक्ष घालायला हवं ते पहिल्या माणसाकडे. कलम १०६(२) अमलात आणायची वेळ येईल तेव्हा दहा वर्षं योग्य की पाच, यावर वाद होईलच. त्याआधी यावल ते चोपडा पट्ट्यात रात्री गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला जमावातून ठाण्यापर्यंत सुखरूप कोण नेणार, त्याने फोन कुठे लावायचा आणि किती मिनिटांत कोण येणार, हे ठरवून तशी पाटी रस्त्यावर लावायला हवी.